फौजीचं बिनमाणसाचं विमान

झुलालनानांना फसवणारा माणूस पारोळ्याच्या बाजारात अजून जन्माला यायचा होता. निदान झुलालनानांचं म्हणणं तसं होतं. त्यांची धान्याची आडत. शेतकऱ्यानं समोर ज्वारीचा ढीग ओतला की बाकीचे व्यापारी वरचे चार दाणे तळहातावर घेत, फुंकर मारत आणि मान डोलावत. नाना बाही सारत, हात कोपरापर्यंत ढिगाच्या पोटात खुपसत आणि तळची मूठ बाहेर काढत. "वरचा माल देवाला दाखवायचा असतो," ते म्हणत, "विकायचा तो तळचा."

माणसांच्या बाबतीतही त्यांची हीच रीत. नवा शेजारी, नवा पुढारी, नवा महाराज, कुणीही येवो, चार गोड शब्दांनंतर नानांचा हात त्याच्या पोटात कोपरापर्यंत गेलेला असे. मनातल्या मनात ते त्याची जमा आणि नावे अशी दोन पानं मांडत, आणि पानं जुळली नाहीत की त्यांना जेवण जात नसे.

साल ब्याण्णवचं, संक्रांत नुकतीच झालेली. थोरला मुलगा लीलाधर याच्यासाठी मुलगी पाहायला नाना, त्यांची बायको झुंबरबाई, खुद्द लीलाधर आणि मध्यस्थ तोताराम असे सगळे भडगावच्या पुढे गिरणाकाठच्या एका खेड्यात गेले होते. मुलीचा बाप सुकदेव हवालदार, पल्टणीतून निवृत्त होऊन घरची शेती पाहणारा. गाव त्याला फौजी म्हणे. मुलीचं नाव कोकिळा, बी.ए. झालेली. चहाचा ट्रे ठेवताना तिचा हात जराही हलला नाही, हे नानांनी टिपलं. जमा. घरापेक्षा गोठा स्वच्छ, हेही जमा. मुलीची आई यशोदाबाई दारामागून कमी आणि तोलून बोलत होती. तिचं काय करायचं ते नानांनी पुढं पाहू म्हणून सोडून दिलं.

"मग हवालदारसाहेब," बशीत चहा ओतत नाना म्हणाले, "पल्टणीत काय काम होतं तुमच्याकडे?"

"विमान उडवायचो, नाना."

लीलाधर सरसावून बसला. तोतारामला उगाचच खोकला आला.

"वा! म्हणजे वरून आपली गिरणा कशी दिसते ते तुम्हाला विचारलं पाहिजे."

"ते नाही सांगता येणार. विमानात मी कधी बसलो नाही."

नानांची बशी ओठांपर्यंत जाऊन थांबली. "बसला नाहीत, आणि उडवायचात?"

"त्यात कुणीच बसत नव्हतं. बिनमाणसाचं विमान होतं ते. मी खाली मैदानात उभा राहायचो, हातात डबा घेऊन. डब्यावरची काडी हलवली की ते तिकडं वळायचं."

झुंबरबाईनं पदर तोंडाशी नेला. तोताराम घाईघाईनं म्हणाला, "घ्या, नाना, शेव घ्या. घरची आहे."

नानांनी शेव घेतली, पण चव लागली नाही. नावेच्या पानावर पहिली नोंद पडली होती आणि ती मोठी होती.

घरी आल्यावर झुंबरबाईनं डोक्यावरचा पदर काढायच्या आत निकाल दिला. "पोर चांगली शे. आते येळ नका लावू."

"आणि बाप? सरळ तोंडावर थापा मारतो."

"तुमले काय इमानसंगे लगीन लावनं शे?"

लीलाधरला मुलगी मनापासून आवडली होती, आणि आवडलेल्या मुलीचा बाप खोटारडा निघणं त्याला परवडणारं नव्हतं. तो म्हणाला, "नाना, मागच्या वर्षी आखातातल्या लढाईचं मीच तुम्हाला पेपरातून वाचून दाखवलं होतं. बिनमाणसाचं विमान डोक्यावर घिरट्या घालायला लागलं, तर खालच्या सैनिकांनी त्याला हात वर करून दाखवले. आठवतं?"

"पेपरात तर यंदा कापसाला भाव येणार असंही दर वर्षी असतं," नाना म्हणाले. "यंत्राला पाहून हात वर करणारा सैनिक म्हणजे सैनिक की सोंगाड्या? हे बघ लीलाधर, माणूस एका जागी खोटं बोलला तर ते खोटं एकटं नसतं. त्याला भावंडं असतात. आज विमान, उद्या जमिनीचा उतारा, परवा मुलीचं वय. मला आठ दिवस द्या. तळ तपासतो आणि मग हो की नाही ते सांगतो. नाही म्हटलं तर मात्र पुन्हा विषय काढायचा नाही."

लीलाधरनं आईकडे पाहिलं. आईनं देवाकडे पाहिलं.

तळ तपासायला नाना आपल्या एम-एटी गाडीवरून एकटेच निघाले, कुणाला न सांगता. आधी भडगावला स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर गेले. तिथं बाकावर बसून त्यांनी अगदी सहज, जणू उसाचा भाव विचारावा तसं, फौजीचं नाव काढलं. टपरीत हसू पिकलं.

"फौजी का? उंटावरून शेळ्या हाकणारा!"

"अरे, तो उंटवाला निदान उंटावर तरी बसतो. फौजीला तेवढाही उंट नाही."

"विमान आहे म्हणे त्याच्याकडे?" नानांनी विचारलं.

"आहे ना. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद. पण कामाचं आहे हो, उगीच कशाला खोटं बोला..." बोलणाऱ्याला चहावाल्यानं कपानंच खुणावलं. "पाव्हणे कुठले?" त्यानं नानांना विचारलं.

"पारोळ्याचे."

"सोयरिकीचं आहे का?" आणि लगेच टपरीतल्या सगळ्यांना आपापल्या एसट्या आठवल्या. चहावाला फडकं मारत एवढंच म्हणाला, "माणूस लाखात एक. पण आधीच्या दोन सोयरिकी मोडल्यात त्या पोरीच्या. का ते आम्ही कशाला बोलू?"

नानांच्या नाकाला तळाचा वास आला. काहीतरी झाकलेलं होतं, आणि सगळ्या पंचक्रोशीला ते ठाऊक होतं. लोक हसत होते, पण त्या हसण्यात कुचेष्टा थोडी आणि कौतुक जास्त होतं. हे गणित नानांना सुटेना. घरी गेलो तर हा शेव खायला घालून पुन्हा वरचाच माल दाखवील. त्यापेक्षा शेतच गाठावं, असं त्यांनी ठरवलं. माणूस घरात सजतो, पण शेतात उघडा पडतो.

नदीकाठची सगळी काळी जमीन दादरनं भरलेली होती. दादर म्हणजे खानदेशातली रब्बीची ज्वारी, पावसाळ्यातल्या ओलीवरच उभी राहणारी, माणूस बुडेल एवढी उंच. कणसं दुधाळ दाण्यांवर आलेली, आणि याच दिवसांत भोरड्यांचे थवे उतरतात. गुलाबी पोटाची, काळ्या डोक्याची ही पाखरं एकेकटी दिसली तर माणूस कौतुकानं बघत राहील. पण ती एकेकटी येत नाहीत. ढगासारखी येतात, आणि शेतावरून ढग उठला की मागं कणसांची नुसती रिकामी पिशी उरते. म्हणून वावरावावरातून राखणीचे माळे उभे होते. माळ्यांवर माणसं गोफणी फिरवत होती, डबे बडवत होती, आणि ओरडून ओरडून सगळ्यांचे आवाज बसले होते.

नानांनी गाडी बांधाआड लावली आणि विचारत विचारत फौजीच्या वावरापाशी आले. बघतात तर माळा नाही, गोफण नाही, डबा नाही. राखायला माणूसच नाही! शेजारच्या माळ्यावर एक गडी घसा फोडून ओरडत होता आणि इथं सगळं शांत. एवढं उभं पीक पाखरांना सोडून मालक घरी झोपला असणार. नानांनी नावेच्या पानावर दुसरी नोंद केली: आळशी.

मग दाणा तरी कसा आहे ते पाहावं म्हणून ते दादरमध्ये शिरले. दोनचार ओळी गेल्यावर त्यांना वाटलं, इथंच बसून राहिलो तर मालक केव्हा येतो, काय करतो, गड्यांशी कसा बोलतो, सगळं फुकटात दिसेल. चौकशीला याहून चांगली जागा नाही. धोतर सावरून नाना ज्वारीच्या ताटांच्या दाटीत उकिडवे बसले. बाजारात कोपरापर्यंत जाणारा हात होता. इथं हाताचा मालक सबंधच ढिगात शिरला होता.

थोड्या वेळानं विहिरीकडून माणसांचे आवाज आले, पाठोपाठ एक चमत्कारिक वास. नानांना तो ओळखीचा वाटला आणि मग ओळख पटली: एरंडेलाचा. जळक्या एरंडेलाचा. लगेच एक कर्कश घरघर सुरू झाली, मोटारसायकलचा आवाज काढून डासाला द्यावा तशी. घरघर वाढली, पळाली, आणि पळता पळता नानांच्या डोक्यावर आली.

ताटांच्या फटीतून त्यांनी वर पाहिलं. पंख पसरलेलं, पोटाखाली ससाण्यासारखे काळे पट्टे ओढलेलं एक विमान निळ्या आभाळात वळण घेत होतं. घारीपेक्षा थोडं मोठं. त्यात कुणी नव्हतं. बसायला जागाच नव्हती.

नाना भान विसरून बघत राहिले. नदीकडून भोरड्यांचा ढग आला आणि वावरावर झुकला. विमान त्याच्या अंगावर गेलं नाही. लांबून वळसा घेऊन ते ढगाच्या पाठीमागे गेलं, थोडं वर चढलं आणि धनगर मेंढरं वळवतो तसं त्याला एका बाजूनं रेटू लागलं. ढग फाटला, पुन्हा जुळला, आणि वावर सोडून पुढं सरकला. शेजारच्या माळ्यावरून ओरड झाली, "ए फौजी! आते मना वावरवर नको टाकू रे!" तसं विमान शेजाऱ्याच्या पिकावरूनही गेलं, त्याच्या पलीकडच्याही, आणि सगळा थवा गिरणेच्या पार, रिकाम्या माळरानावर नेऊन सोडूनच परत फिरलं.

"च्यायला!" नाना मोठ्यानं म्हणाले. थाप नव्हती. फौजी खरं बोलला होता. नावेची मोठी नोंद खोडायला लागणार होती, आणि नवल म्हणजे त्याचा त्यांना आनंद होत होता. नीट दिसावं म्हणून ते उकिडवेच पुढं सरकले. दादरची ताटं कडकड वाजली, शेंडे हलले. वारा तर अजिबात नव्हता.

विहिरीच्या ढिगाऱ्यावरून एक बाईमाणसाचा आवाज कडाडला, "आबा, वावरमा डुक्कर घुसनं! देखा, ताटं हाली ऱ्हायनात!"

"पक्का क्या?" सुकदेवचा आवाज.

"पक्कं शे! काढस त्याले बाहेर!"

घरघर एकदम बदलली. आतापर्यंत ती आभाळात होती, आता ती नानांच्या नावानं यायला लागली. वर पाहिलं तर विमानाचं तोंड सरळ त्यांच्याकडे होतं आणि ते प्रत्येक क्षणाला मोठं होत होतं. नाना पळाले. ताटं मोडत, पानांनी गाल कापून घेत, टोपी वाचवत पळाले, आणि विमान मागं. बांधावर पोचता पोचता धोतराचा सोगा काट्यात अडकला. नाना गर्रकन वळले, आणि पारोळ्याच्या बाजारात कुणाला न नमलेल्या त्या माणसानं त्या चिमुकल्या यंत्रापुढे दोन्ही हात वर केले.

विमानानं त्याच क्षणी नाक वर उचललं. टोपीला वारा लागला आणि ते सुळकन वर निघून गेलं.

शेजारच्या माळ्यावर अभिमन नावाचा शेतकरी होता. त्याला वरून सगळं दिसत होतं. संक्रांतीनंतर हे पाव्हणे फौजीच्या घरी आलेले त्यानं पाहिले होते. पोट धरून तो ओरडला, "ओ फौजी! डुक्कर नही, व्याही शे! तुना व्याही शे!"

आणि नदीकाठच्या सगळ्या माळ्यांवरून, बसलेल्या घशांतून, जे हसू फुटलं त्यानं उरल्यासुरल्या भोरड्याही उडाल्या.

नानांनी हात खाली घेतले. विहिरीच्या ढिगाऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना दुसरा धक्का बसला. सुकदेव तिथं होता, पण त्याचे हात रिकामे होते. डोळ्यांवर आडवा हात धरून तो भलत्याच दिशेला पाहत होता. डबा कोकिळेच्या हातात होता. साडीचा पदर कमरेला खोचलेला, डब्यावरची लांब तार आभाळाकडे, नजर विमानावर. होणारा सासरा खाली धुळीनं माखून उभा होता, सगळं गाव हसत होतं, तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. पण तिनं मान वळवली नाही. एक वळसा, दुसरा वळसा, मग गाडीवाटेवर विमान अलगद टेकवलं, इंजिन बंद केलं, डबा जवळच उभ्या असलेल्या आईच्या हातात दिला, आणि मगच पदर सोडून डोक्यावर घेतला.

नानांनी तेवढ्या धांदलीतही ते टिपलं. आधी काम, मग लाज. असला क्रम त्यांनी आजवर फार थोड्या पुरुषांत पाहिला होता.

नुकसान झालं की तोंड लपवायचं नाही, त्याच बाजारात उभं राहून ते भरून काढायचं, हा नानांचा धंद्याचा नियम. ते चालत विहिरीपाशी गेले आणि निंबाखालच्या बाजेवर बसले. यशोदाबाईनं पाणी दिलं. सुकदेवनं नानांच्या धोतराची कुसळं काढायला सुरुवात केली आणि कुसळं काढता काढताच मुलीवर गरजला. फौजेची भाषा अजून त्याच्या जिभेवर होती.

"कोकिळा! पहिला सबक काय शिकवला होता? खाली कोण आहे ते डोळ्यानं पक्कं केल्याशिवाय विमान खाली आणायचं नाही. डुक्कर दिसलं होतं का तुला?"

"ताटं हलताना दिसली, आबा."

"ताटं हलली म्हणून डुक्कर? ताटं हलवणारा माणूस निघाला! पंखा लागला असता तर?"

"चुकलं," ती म्हणाली. मग नानांकडे वळून, "माफ करा, मामा. डुक्कर समजले ते माझं चुकलं. पण तुम्ही दादरमध्ये काय करत होतात?"

यशोदाबाईनं जीभ चावली. नाना मात्र खूश झाले. प्रश्न बरोबर जागी लागला होता.

"तळ तपासत होतो," त्यांनी खरं तेच सांगितलं. "तुझ्या आबांवर विश्वास नव्हता. थापा मारतात असं वाटलं होतं. थाप नव्हती, पण झाकलेलं होतं ते निघालंच की! हवालदारसाहेब, उडवणारी ही आहे, हे त्या दिवशी का नाही सांगितलं?"

सुकदेव पुन्हा कुसळं काढू लागला. उत्तर यशोदाबाईनं दिलं. "कसं सांगणार, भाऊ? साखरेच्या आजारानं यांच्या डोळ्यांचा पडदा गेला. जवळचं दिसतं, लांबचं नाही. तेव्हापासून पोरच उडवते. आधीच्या दोन पाव्हण्यांना सरळ सांगितलं होतं. एक म्हणाले, पोर वावरात डबा घेऊन पाखरांमागं फिरते, उद्या घरात टिकेल का? दुसऱ्यांनी तेवढंही सांगितलं नाही, सरळ उठून गेले. म्हणून या वेळी सांगितलं ते खरंच, पण अर्धंच."

"अर्ध्या मापाला आमच्यात माप मारणं म्हणतात," नाना म्हणाले. पण आवाजात धार नव्हती. त्यांचं लक्ष गाडीवाटेवरच्या विमानाकडे होतं. "जरा जवळून बघू?"

कोकिळेनं विमान आणून बाजेवर ठेवलं. नानांनी दोन बोटांनी उचलून पाहिलं आणि चकित झाले. वजन म्हणाल तर भरल्या पायलीचंही नाही. बांबूच्या कामट्या, वर खळ लावून ताणलेला कागद, पुढं एरंडेल मिसळलेल्या तेलावर चालणारं मुठीएवढं इंजिन. डबा आणि इंजिन पल्टणीतल्या साहेबांनी निरोपाच्या वेळी सुकदेवला भेट दिलेलं होतं. शेपटीला काळा बिब्बा बांधलेला होता.

"हा कशाला?"

"आईनं बांधलाय. दृष्ट लागू नये म्हणून," कोकिळा म्हणाली. "एकदा तर लिंबू आणि मिरच्याही बांधल्या होत्या. विमान शेपटीवर बसलं, उठेचना. शेवटी आबांनी बिब्बा ठेवला आणि बॅटरी बोटभर पुढं सरकवली. आता आईचंही समाधान आणि विमानाचाही तोल."

"विज्ञानाला देवानं थोडं पुढं सरकवलं म्हणायचं," नाना हसले. मग सुकदेवकडे वळले. "पल्टणीत काय, पाखरंच हाकत होता?"

सुकदेवनं विमानाच्या पंखावरून हात फिरवला. लांबचं न दिसणारे त्याचे डोळे आभाळातच कुठंतरी होते. "तिथं आम्हीच पाखरं होतो, नाना. तोफांच्या पोरांना निशाणा शिकवायचा, तर आभाळात काहीतरी पाहिजे ना? मग मी विमान घेऊन त्यांच्यासमोरून जायचो. त्यांनी पाडलं की मैदानभर टाळ्या. एक विमान मी तीन महिने जपून उडवलं होतं, ते पडलं तेव्हाही टाळ्याच. पण त्यात माणूस नव्हता, म्हणून त्या टाळ्या गोड लागायच्या. लढाई आलीच तर या पोरांचा नेम चुकू नये, यांच्या जागी कागद आणि लाकूड मरावं, एवढंच माझं काम. इथं आल्यावर पहिल्यांदा असं झालं, की विमान गेलं, काम केलं, आणि घरी परत आलं."

नानांनी विमानाचा पंख पुन्हा एकदा बोटानं चाचपला. त्यांना वाटलं, या माणसाला आपण नावेच्या पानावर बसवलं होतं.

"पुढं काय काय करतील हो याच्याकडून?"

"सगळंच. फवारणी करतील. पुरात अडकलेल्याकडे दोर नेतील. लढाईत आताच ती वरून बघायला लागलीत, उद्या निशाणाही धरतील. पण डबा धरणारा माणूस शहाणा पाहिजे. आज पाहिलंत ना? वरून व्याहीसुद्धा डुक्कर दिसतो."

"आणि लपून चौकशी करणाऱ्यांचा धंदा बसला," नाना म्हणाले. "हवालदारसाहेब, माझं ठरलं. सोयरीक पक्की. तोतारामला सुपारी घेऊन पाठवतो."

सुकदेवचा चेहरा उजळला, पण तो लगेच हो म्हणाला नाही. "नाना, आजची चूक दोघांकडून झाली. तिनं तुम्हाला डुक्कर समजलं आणि तुम्ही मला खोटा. माझं मी विसरलो. पण तुम्हाला दादरमध्ये बसलेलं तिनं पाहिलंय. तिचं तिला विचारा."

लीलाधरचा चेहरा नानांच्या डोळ्यांपुढं आला. आजवर नकार द्यायचा हक्क त्यांच्याकडे होता. आता तागडी दुसऱ्याच्या हातात होती. मुलीला विचारून सौदा करायची सवय त्यांना नव्हती.

कोकिळा इंजिनावरचं तेल पुसत होती. पुसता पुसताच म्हणाली, "लीलाधररावांनी त्या दिवशी आबांचं बोलणं हसण्यावारी नेलं नाही. ते मला आवडलं. माझी एकच अट आहे. दादर हुरड्यात येते तेव्हापासून कापणीपर्यंत मी दर वर्षी इथं राहणार. आबांचे डोळे परत येणार नाहीत आणि पाखरं यायची थांबणार नाहीत."

"अगं, तो आमच्या बाजाराचा ऐन हंगाम!" नानांच्या तोंडून सवयीनं निघालं. "विमान पारोळ्यालाच आणलं तर? आंदण म्हणून..."

"विमान आंदणात नाही येणार. ते या काठाचं आहे. अभिमनदादाचं वावरही त्याच्यावरच आहे. माळ्यावरून हसला तरी."

"मग आमच्या लीलाधरला शिकव, तो येऊन..."

"शिकवीन की. दोघं येऊ."

म्हणजे सुनेबरोबर मुलगाही गेला! नानांनी घासाघीस तिथंच थांबवली. आणखी बोललो तर आणखी जाईल, हे त्यांना कळत होतं. "कबूल," ते म्हणाले. "पण घरी एक माणूस आहे. तिची सही लागेल."

पारोळ्याला पोचेपर्यंत त्यांनी मनातल्या मनात भाषण रचलं. झुंबरबाई हंगामात हमालांच्या भाकरी थापत असे. सून ऐन वेळी माहेरी जाणार म्हटल्यावर ती आकाशपाताळ एक करील, याची त्यांना खात्री होती. म्हणून त्यांनी आधी विमानाचं वर्णन केलं, मग मुलीच्या हाताचं, मग सुकदेवच्या खरेपणाचं. आपण हात वर केले होते तेही सांगून टाकलं, कारण अभिमनच्या तोंडून ते येत्या बाजारापर्यंत पोचणारच होतं. लीलाधर हसू दाबत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सगळ्यात शेवटी नानांनी हळूच अट सरकवली.

झुंबरबाई ओरडली नाही. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"ती पोर इचारीसन जाई, हंगाममा?"

"हो. बापाचे डोळे गेलेत ना, म्हणून..."

"आनि तुम्ही कबूल म्हनात?"

"काय करणार? माणसं चांगली आहेत."

"मना भाऊ धुळानी वाटवर दर अखाजीले उभा ऱ्हास," झुंबरबाई म्हणाली. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातल्या बायकांचा माहेरी जायचा सण. "बठ्ठ्या बाया अखाजीले माहेर जातस, झोके खेळतस, गाणा म्हनतस. मी कधी गयी? दर साल तुमनं एकच, बाजार शे, हमालना भाकरी कोन टाकी? आते ती दादरले जाई, तं मी अखाजीले जासू."

"अगं, पण दुकान..."

"दुकान तुम्हीच चालाडतस ना? मी काय फक्त भाकरी टाकस."

नानांनी मनातल्या मनात पानं चाळली. एका बाजूला सून, व्याही, आणि मुलाचा चेहरा, जो आता भिंतीकडून वळून त्यांच्याकडेच पाहत होता. दुसऱ्या बाजूला दोन हंगाम, दोन बायका, आणि स्वतःच्या हातची भाकरी. एवढ्या वर्षांत या बाईनं कधी हट्टानं काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तेव्हा असं मागितलं की नाही म्हणायला जागा उरली नाही.

"जा," ते म्हणाले. "लीलाधर, तोताराममामाला सांगून ये. म्हणावं सुपारी घेऊन भडगावला निघ, आज नाही तर उद्या सकाळी."

लीलाधर चप्पल घालायलाही थांबला नाही. पण दारातच आईनं त्याला हाक मारली, आणि धुळ्याला जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते तेही स्टँडवर विचारून ये म्हणून सांगितलं. अखाजीला अजून तीन महिने होते.